उसना घाम

१५ मेच्या आसपास खोपोलीत शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारचे साडेबारा वाजून दोन-तीन मिनिटं झाली की सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. शाळेच्या गच्चीवर पत्र्याचा डबा उभा करून मुलांना हे दाखवतात, तेव्हा सगळ्यांना मजा वाटते. त्या दिवशी जवळच्या इमॅजिका या थीम पार्कच्या फाटकातून आत शिरलेल्या कुटुंबाला मात्र ती वाटत नाही. ‘भिंतीच्या कडेकडेने सावलीतून फिरू’ हा त्यांचा बेत तिथेच कोसळतो. भिंतीला कड असते, सावली नसते.

घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांच्यात खोपोलीला अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडतं, कारण आपली घड्याळं उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेली आहेत. त्यातून हवा सगळ्यात जास्त तापते ती सूर्य माथ्यावरून ढळल्यावर दोन-तीन तासांनी. म्हणजे ऊन तिखट साडेबाराला आणि हवा तापलेली तीनला. ‘बारा ते दोन आत बसू, मग फिरू’ असं ठरवणारे लोक दोन वाजता बाहेर पडतात ते भट्टीचं दार उघडल्यासारखे. सांभाळायची वेळ आहे साडेअकरा ते चार, आणि साडेचार म्हटलं तर अधिक बरं.

पण इथे खरी गोष्ट उन्हाची नाहीच, ओलीची आहे. पुण्याहून निघालेला माणूस बोरघाट उतरला की शर्ट पाठीला चिकटतो. पारा बघावा तर जवळपास पुण्याइतकाच, एखादे दिवशी अंशभर कमीच. फरक पडलेला असतो हवेतल्या बाष्पात. पारा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर अंगाला ती हवा ४२ अंशांसारखी लागते. नागपुरात ४० अंश असून आर्द्रता २० टक्के असेल तर अंगाला ४० हून जास्त लागत नाही. हे दोन्ही आकडे सावलीतले, बरं का. थेट उन्हात त्यात आठेक अंशांपर्यंत भर पडू शकते. हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करताना ४० अंशांची पायरी धरतं आणि किनारपट्टीवर ३७ ची, ते उगाच नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर उन्हात बसलेली चौदा माणसं दगावली, त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आतच होता. खारघर ते खोपोली हवा एकच.

घाम आला म्हणजे अंग गार झालं, असा आपला समज असतो. अंग गार होतं ते घाम वाळताना. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून टपकलेला घाम काहीच नेत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, अंग होतं तेवढंच गरम. दमट हवेत बहुतेक घाम असा टपकून फुकट जातो, म्हणून शरीर आणखी घाम काढतं, तोही टपकतो. माठाचंही तसंच. ४० अंश आणि २० टक्क्यांच्या नागपुरी दुपारी माठातलं पाणी २३ अंशांच्या जवळपास उतरू शकतं. ३४ अंश आणि ६० टक्क्यांच्या खोपोलीत ते साडेसत्तावीसच्या खाली जाणारच नाही, माठ कुठल्याही कुंभाराचा असो. विदर्भात घरोघरी असलेला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पनवेलच्या खोलीत लावला की पापड सादळतात, तेही याच कारणाने.

मग दमट हवेत करायचं काय? दोन गोष्टी: घाम वाळायला वारा द्यायचा, आणि अंगाने स्वतःचं पाणी खर्च करण्याआधी बाहेरून पाणी लावायचं. बाहेरून लावलेलं पाणी म्हणजे उसना घाम. वाळताना तो उष्णता नेतो, पण त्याचं पाणी आणि मीठ आपल्या खात्यातून जात नाही.

उसन्या घामासाठी बाजारात ‘कूलिंग टॉवेल’ म्हणून रंगीत रुमाल मिळतात, गळ्यात घालायचे छोटे पंखेही मिळतात. ते वाईट नाहीत. पण आपल्याकडे पंचा आहे. सुती, विरळ विणीचा, न्हाणीघराच्या दांडीवर कायम लटकणारा. तोच घ्यावा, माणशी एक, शक्य तर दोन. फक्त तो वापरायची रीत आहे. पंचा पुरता भिजवून असा पिळावा की टपकणार नाही, पण दाबला तर बोटांना पाणी लागेल. नेमका एवढा पिळलेला पंचा पाव लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतो. तो घडी न घालता मोकळा मानेभोवती टाकावा आणि टोकं छातीवर सोडावीत. बरेच जण चार पदरी घडी करून मानेवर ठेवतात. त्यात वरचा पदर वाळतो, आतले तीन पदर अंगाच्या उष्णतेने कोमट होतात आणि दहा मिनिटांनी मानेवर पोटीस बांधल्यासारखं वाटू लागतं. असं झालं की नळ शोधायची गरज नाही. पंचा काढावा, दोन टोकं धरून हवेत तीन-चार वेळा फटकारावा, उलटा करून परत टाकावा. फटकारल्याने त्यातलं थोडं पाणी झटकन उडून जातं आणि कापड त्या दिवशीच्या हवेत जेवढं गार होऊ शकतं तेवढं होतं. खोपोलीत ते साडेसत्तावीस-अठ्ठावीस अंश, म्हणजे फ्रिजसारखं नाहीच. पण त्वचा पस्तीस अंशांवर असते, तिला सात अंशांचा उतार मिळतो. गळ्यातला पंखा नुसता कोरड्या अंगावर सोडला तर पारा पस्तीसच्या वर गेल्यावर तो गरम हवाच अंगावर फेकतो. तोच ओल्या पंच्यावर धरला तर पैसे वसूल होतात.

हे सगळं राइडच्या बाहेर. राइडवर बसण्याआधी पंचा, ओढणी, टोपी, गळ्यातला पंखा, सगळं काढून चेनच्या पिशवीत किंवा लॉकरमध्ये गेलं पाहिजे. गळ्यातलं लांब कापड चाकात, सांध्यात किंवा शेजारच्या सीटच्या पट्ट्यात अडकतं. त्याचे परिणाम वर्तमानपत्रात आपण वाचलेले असतात. कर्मचारी रांगेत टोकतो तेव्हा हुज्जत घालू नये.

वाटेवर धुक्याचे फवारे मारणारे पंखे लावलेले असतात, त्यांच्यापुढे गर्दी होते. फोटो चांगले येतात म्हणून उभं राहायला हरकत नाही, पण गारव्यासाठी तिथे रेंगाळण्यात फायदा कमी. दमट हवेत ते तुषार हवेतल्या हवेत वाळत नाहीत, थेंब थेंब अंगावर बसतात आणि आजूबाजूची हवा आणखी ओली होते. चेहरा, हात, शर्टाची पाठ चांगली भिजवावी आणि लगेच मोकळ्या वाऱ्यात निघावं. पाणी फवाऱ्यापाशी घ्यायचं, गारवा वाऱ्यात.

आता रांग. थीम पार्कमधला उन्हाळा हा मुळात रांगेचा उन्हाळा आहे. राइड दोन-तीन मिनिटांची, त्यात वाराही भरपूर. तिच्यासाठी चाळीस मिनिटं उभं राहायचं ते लोखंडी कठड्यांच्या नागमोडी वाटेत. तिथे चारही बाजूंनी माणसं असतात आणि स्वस्थ उभा असलेला प्रत्येक माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. वारा अडतो, घाम वाळत नाही. वर पत्रा असेल तर सावली मिळते, पण तापलेला पत्रा स्वतःच डोक्यावर उष्णता ओततो. म्हणून दहा फुटांवरच्या पत्र्याखाली उभं राहण्यापेक्षा वडा-पिंपळाखाली नेहमी बरं वाटतं. झाडाचं पान पाणी सोडत असतं, ते पत्र्यासारखं तापत नाही. रांगेच्या वळणात जिथे झाड किंवा पंखा असेल तिथे पुढच्या माणसापासून दोन पावलांचं अंतर ठेवून थोडं रेंगाळावं आणि उन्हाच्या पट्ट्यातून भरभर जावं. मागचे कुरकुरतील, कुरकुरू द्यावं. रांग तेवढीच पुढे सरकते.

रांगेत चक्कर येऊन पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ऊन ‘लागलेलं’ नसतं. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, माणूस गुडघे ताठ करून एका जागी उभा असतो, रक्त पायांत उतरतं आणि मेंदूला कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी येते. यावर उपाय पोटरीचा. दर दोन-तीन मिनिटांनी टाचा दहा-पंधरा वेळा वर-खाली कराव्यात, गुडघे सैल ठेवावेत. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. अंधारी आलीच तर लाज न बाळगता खाली बसावं. उभ्याने कठड्याला धरून ‘जाईल आत्ता’ म्हणणारा माणूस लोखंडावर डोकं आपटून घेतो.

राइड कुठली कधी, हे ठरवलं की निम्मं काम होतं. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, आणि तिथली नायट्रो ही उघड्यावरची मोठी रोलर कोस्टर बहुतेकांच्या यादीत पहिली असते. तिच्या सीटखाली पायाला तळ नसतो, पाय अधांतरी लोंबतात. ती सकाळी, फाटक उघडल्या उघडल्या. सकाळी ऊन तिरपं असतं, त्यामुळे सावली लांब असते आणि कठडे अजून तापलेले नसतात. साडेअकराच्या सुमाराला राजासॉरससारखी भिजवणारी राइड घ्यावी. बरेच लोक ती शेवटी ठेवतात, ओल्या कपड्यांनी फिरायला नको म्हणून. पण भर दुपारी अंगावरचा भिजलेला शर्ट हा फुकटात मिळालेला उसना घामच असतो. तास-दीड तास तो वाळत राहतो आणि तेवढा वेळ अंगाचं पाणी वाचतं. मग डीप स्पेस ही अंधारातली बंदिस्त कोस्टर, सलीमगढ, आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया हे सगळं दुपारचं, छपराखालचं. यात एक मेख आहे. दुपारी सगळ्यांनाच ही अक्कल सुचते, त्यामुळे आतल्या राइडची रांग दाराबाहेर उन्हात येते. म्हणून राइड आत आहे एवढं पाहून भागत नाही, रांग कुठपर्यंत आली आहे तेही पाहावं. बाहेर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागणार असेल तर त्यापेक्षा थंड उपाहारगृहात बसून दहीभात खाल्लेला चांगला. जेवण मात्र हलकं. बटर नान आणि पनीर पोटात घेऊन उन्हात उभं राहिलं आणि वर उलटंपालटं करणाऱ्या राइडवर बसलं की पुढे काय होतं ते सांगायला नको.

कपड्यांबद्दल ‘सुती घाला’ हा सरसकट सल्ला अर्धाच खरा आहे. सुती कापड घाम पितं हे खरं, पण जाड सुती कापड तो सोडत नाही. जीन्स हे त्याचं ढळढळीत उदाहरण. जीन्सही सुतीच असते, एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत ओली राहते, जड होते आणि मांड्या सोलवटते. पाहिजे ते मलमलीसारखं पातळ, फिकट रंगाचं, ढगळ आणि लांब बाह्यांचं, अंग आणि कापड यांच्यामध्ये वारा खेळेल असं. बिनबाह्यांच्या कपड्याने दमट सावलीत बरं वाटतं, उन्हात त्वचा थेट तापते. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत निघण्यापूर्वी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. दिवसभरात दहा-बारा हजार पावलं ओल्या कपड्यांत पडली की त्याचं महत्त्व कळतं. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. बुटात पाणी शिरलं की फोड ठरलेले. डोक्याला रुंद काठाची टोपी. गांधी टोपीने टाळू झाकते, कान आणि मान उघडी राहतात. तिची पांढरी खादी मात्र या हवेसाठी चांगली आहे.

शेजारच्या वॉटर पार्कमध्ये गणित उलटं. तिथे सुती कपडे घालून पाण्यात उतरूच देत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचाच पोहण्याचा पोशाख लागतो. बरेच जण याला पोशाख भाड्याने देण्याचा धंदा समजून चिडतात. कारण साधं आहे. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि गाळणीत अडकतात, भिजलेलं सुती कापड जड होऊन घसरगुंडीवर घासतं आणि पोहता न येणाऱ्या माणसाला खाली ओढतं. स्वतःचा पोशाख घेऊन जावा, लांब बाह्या आणि गुडघ्यापर्यंतची पँट असलेला. पाण्यात गार वाटतं म्हणून ऊन भाजत नाही असं होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, अकराच्या वर, सगळ्यात धोक्याच्या पायरीवर जातो, आणि पाण्याखालच्या खांद्यापर्यंतही ते किरण पोचतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावलेलं. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका खेपेस जवळपास ३० मिलिलिटर लागतं, म्हणजे सहा छोटे चमचे. आपण लावतो त्याच्या चौथाई. दर दोन तासांनी आणि टॉवेलने अंग पुसल्यावर पुन्हा. बाटलीवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी ती हमी पाण्यात ४० किंवा ८० मिनिटांपुरतीच असते. पाण्यात तहान लागत नाही, पण घाम येत असतो. वॉटर पार्कमधून बाहेर पडलेल्यांचं संध्याकाळी डोकं दुखतं त्याचं मूळ बहुधा यात असतं.

पाणी किती? उन्हात चालणाऱ्या मोठ्या माणसाचा तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, १५० ते २०० मिलिलिटर, हा हिशेब बरा. तहान लागल्यावर एकदम बाटली रिकामी करणं बरं नाही. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, ती ऊन लागल्यासारखीच दिसते आणि माणूस आणखी पाणी पितो. बहुतेक पार्कमध्ये बाहेरचं खाणं चालत नाही. बाळाचं दूध, औषधं आणि ओआरएसची पाकिटं सहसा अडवत नाहीत. निघण्याआधी नियम वाचावेत आणि रिकामी बाटली जवळ ठेवावी. पाणी न्यायची परवानगी असेल तर आदल्या रात्री बाटली एक तृतीयांश भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवावी. बर्फाची लांब पट्टी तयार होते, सकाळी वर पाणी भरलं की ते बराच वेळ गार राहतं. पूर्ण भरलेली बाटली गोठवली तर बर्फ नऊ टक्के फुगतो आणि बाटली तडकते. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली तर फ्रीझरमध्ये घालूच नये.

ओआरएसचं पाकीट म्हणजे औषध आहे, सरबत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९, असे एकूण २०.५ ग्रॅम असतात. ते पूर्ण एक लिटरमध्येच कालवायचं. चवीला बरं लागावं म्हणून पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट घालणारे लोक असतात. त्या घट्ट द्रावणाने आतड्यात उलट अंगातलं पाणी ओढलं जातं आणि जुलाब होतात. पेलाभर पाण्यासाठी वेगळी छोटी पाकिटं मिळतात, पाकिटावर पाण्याचं माप छापलेलं असतं ते वाचावं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा, आणि सपाट म्हणजे बोटाने पुसलेला. खोक्यात मिळणाऱ्या, नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो शब्द वापरायची बंदी केली, कारण त्यातली साखर आणि क्षार यांचं प्रमाण या सूत्रात बसत नव्हतं. दिवसभर ओआरएसच पीत राहायचीही गरज नाही. खूप घाम गेलेल्या माणसाने दुपारी घोट घोट करून एक लिटर संपवावं, बाकी साधं पाणी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ताक, पन्हं, कोकम सरबत यांच्या बाजूने आपलं मन झुकतं, आणि ते बरोबरही आहे, कारण तिन्हीत मीठ असतं. पण ताक सकाळी घरून निघताना प्यावं. पिशवीत घेतलेलं ताक अकरापर्यंत आंबट होतं आणि एकपर्यंत कामातून जातं. पन्हं पातळ करावं, लग्नातल्यासारखं गुळचट नको. आणि बर्फाचा गोळा? उन्हातून आल्यावर गार खाऊ नये असं घरचे सांगतात, पण शरीराच्या दृष्टीने गोळा अगदी योग्य आहे. बर्फ पोटात वितळताना आतून उष्णता शोषतो, मैदानी खेळाडूंना म्हणूनच बर्फाचा चुरा देतात. गोळ्याबद्दल एकच शंका घ्यावी, तो कुठल्या पाण्याचा आहे ही. कांदा खिशात ठेवल्याने मात्र फक्त खिशाला वास येतो.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे जवळपास कोणाचंच लक्ष नसतं. पुण्याहून येताना घाटात गाडी लागते म्हणून, किंवा राइडवर मळमळू नये म्हणून, लोक सकाळी गोळी घेतात. त्यांपैकी प्रोमेथाझीनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं आणि घाम कमी येतो. भर मे महिन्यात अंगाची गार होण्याची मुख्य सोय आपणच अर्धी बंद करून पार्कमध्ये शिरतो. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांचंही तसंच. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांच्या अंगात मुळात पाणी कमी असतं, आणि वयाबरोबर तहानही बोथट होते. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. अशा माणसाला सावलीतलं बाकडं, छत्री आणि ठरल्या वेळी पेला द्यायचा, ‘तहान लागली का?’ असं विचारत बसायचं नाही.

लहान मुलांचं वेगळं. त्यांचं डोकं जमिनीपासून तीन फुटांवर असतं, आणि साठ अंशांपर्यंत तापलेल्या डांबरावरची हवा तिथे आपल्या छातीपाशी असते त्यापेक्षा गरम असते. बाबागाडीत झोपलेल्या बाळाला ऊन लागू नये म्हणून वरून दुपट्टा टाकतात, तेव्हा आत वारा थांबतो आणि गाडीची पेटी होते. छत्री अडकवावी, दोन्ही बाजू उघड्या ठेवाव्यात. मूल खेळण्याच्या नादात पाणी मागत नाही. शेवटची शू कधी केली आणि रंग कसा होता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. चार तास झाली नसेल किंवा गडद पिवळी असेल तर राइड बंद, सावली आणि पाणी.

इतकं करूनही कुणाला ऊन लागू शकतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, अंग थंड चिकट झालंय, पोटरीत गोळा आलाय, पण माणूस नीट बोलतोय, तर त्याला सावलीत आडवं करावं, पाय उशीभर उंच, कपडे सैल, ओला पंचा, वारा आणि घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर पार्कच्या प्रथमोपचार कक्षात न्यावं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला, लडखडू लागला, बायकोचं नाव विसरला, तर तो उष्माघात समजावा. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ ही समजूत घातक आहे. चालून-फिरून झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. तिथल्या तिथे, रुग्णवाहिकेची वाट न पाहता, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतायला सुरुवात करावी, दोघा-तिघांनी पुठ्ठ्यांनी, टोप्यांनी वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. जवळ टब किंवा उथळ पाणी असेल तर डोकं वर धरून अंग त्यात बुडवणं सगळ्यात जलद. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल देऊ नये. तापात मेंदूतला तापमानाचा काटाच वर सरकलेला असतो, तो ही गोळी खाली आणते. इथे काटा जागेवरच असतो, उष्णताच साठलेली असते, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही आणि यकृतावर भार मात्र पडतो.

चार वाजल्यानंतर, विशेषतः मेच्या उत्तरार्धात, घाटावर ढग चढतात. वळीव येणार असतो. ऊन गेलं म्हणून लोक खूश होतात, पण पावसाआधीचा तो तासभर दिवसातला सगळ्यात वाईट असतो. वारा पडतो, आर्द्रता वाढते, घाम अजिबात वाळत नाही. वीज कडाडू लागली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, तेव्हा रांगेत अडून बसू नये.

निघताना गाडी दिवसभर उन्हात उभी असते. आतली हवा साठ अंशांच्या घरात असू शकते आणि सीटबेल्टचं बक्कल चटका देतं. म्हणून सकाळी गाडी लावतानाच सॅनिटायझर, डिओडरंटचे डबे आणि पॉवर बँक आत ठेवायच्या नाहीत, आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा पोराला आत बसवायचं नाही. परतल्यावर एका बाजूची खिडकी पूर्ण उघडावी आणि समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघड-मीट करावं, पंख्यासारखं. तापलेली हवा बाहेर फेकली जाते. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं खिडक्या थोड्या खाली, मग बंद. दिवसभर मानेवर राहून ओला तो ओलाच राहिलेला पंचा एसीच्या झरोक्यासमोर पसरून ठेवावा. घाट चढून लोणावळ्याला चहाला थांबेपर्यंत तो बराचसा वाळलेला असतो. पंचा तोच, आतली हवा तेवढी कोरडी झालेली असते.